तंबोरा दुरुस्ती, मिरज: आवाज परत मिळतो, पॉलिशचं मात्र आधी बोलून घ्या

वडील गेले की त्यांचा तंबोरा गवसणीत घालून कोपऱ्यात उभा राहतो. मग वर्षश्राद्ध जवळ येतं, किंवा नातीचा पहिला कार्यक्रम ठरतो, आणि घरात कुणीतरी म्हणतं, बाबांचा तंबोरा लावू या. सांगलीकडच्या माणसाला त्यासाठी लांब जायला नको, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण जुन्या वाद्याच्या दुरुस्तीत कारागिराचा हात आणि आपण त्याला नेमकं काय सांगतो, यावरच सगळं ठरतं. आम्ही ज्या दुकानात दिला तिथे जवारीचं, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा घासून आवाज खुलवण्याचं, काम पैकीच्या पैकी. बाकी काही गोष्टी मागे लागून करून घ्याव्या लागल्या.

नेण्याआधी तारा दोन-तीन सूर उतरवा, पण पूर्ण सोडू नका. तारांचा दाब गेला की घोडी जागची हलते. घोडीच्या पायांभोवती तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, पेन्सिलीने बारीक खूण केलेली बरी. भोपळा वाकळेत गुंडाळायचा, गाडीत आडवा ठेवायचा आणि त्याच्यावर दुसरं सामान ठेवायचं नाही. निघण्यापूर्वी भोपळ्यावर बोटाच्या पेरांनी सगळीकडून टकटक करून बघा. कुठे फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर तिथे चीर आहे. ती गळ्याशी, म्हणजे दांडीच्या जोडाजवळ असेल, तर आधी तेवढंच काम करून घ्या. तो जोड हलत असेल तर बाकीच्या कामाला अर्थ नाही, सूर टिकणारच नाही. गवसणीच्या तळाशी पिठासारखा भुसा सापडला तर कीड लागली आहे, हे दुकानात पहिल्यांदा सांगा.

आता जवारी. वर्षानुवर्षं वाजून तारांनी घोडीच्या माथ्यावर चरी पाडलेल्या असतात. तार माथ्याला अलगद घासत जायला हवी, ती चरीत रुतून बसते, मग आवाज बंद होतो आणि जीव, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला दोरा, कितीही सरकवला तरी उघडत नाही. चांगला कारागीर कानशीने थोडंसं घासतो, तार चढवतो, ऐकतो, परत उतरवतो. चारही तारांचं असंच, एकेक करून. यात अर्धा दिवस सहज जातो आणि तो जाऊ द्यावा. घोडी फार झिजली असेल तर नवी बसवतात, हाडाची किंवा लाकडाची. जुनी मात्र मागून घ्या. आमच्या दुकानात जुन्या तारा विचारल्याशिवाय टाकून दिल्या. घोडी, सूर बारीक जुळवायचे मणी, बदललेल्या खुंट्या परत हव्यात हे देतानाच कागदावर लिहून द्यायला हवं होतं.

सगळ्यात मोठी गोष्ट पॉलिशची. तंबोरा दिला की ‘नव्यासारखा करून देतो’ असं हमखास म्हणतात, आणि तो खरंच नव्यासारखा होतो. पण दांडीवर जिथे वडिलांचा हात वर्षानुवर्षं टेकला, तिथलं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत, फिकट झालेलं असतं. पॉलिश पेपर फिरला की ती जागा गेली. ती परत आणता येत नाही. म्हणून स्पष्ट सांगा: दांडी घासायची नाही, फक्त कोरड्या फडक्याने पुसायची, पॉलिश फक्त चीर बुजवली असेल तेवढ्यापुरतं. ऐन पावसाळ्यात तेही नको. ओल्या हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. दिवाळीनंतर द्यावा आणि कार्यक्रमाच्या तारखेच्या दीड महिना आधी द्यावा. आम्हाला पंधरा दिवस सांगून महिना लागला.

खुंटी निसटत असेल तर खडूची पूड पुरते, तेल कधीही लावू नका. भोक लंबगोल झालं असेल तर मात्र खुंटी नव्याने बसवावी लागते.

सूर बदलण्याचा मोह टाळा. वडील काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गात, नात त्याहून बरंच वर, काळी पाचला गाते. तेवढं त्याच तारांवर ताणलं तर तारा तुटतात आणि तबलीवर नको तितका भार येतो. पातळ तारा लावता येतात, पण मोठ्या भोपळ्याचा तो भरदार खर्ज तिथे मिळत नाही. तिच्यासाठी बायकांच्या सुराचा लहान तंबोरा वेगळा घ्यावा आणि बाबांचा काळी एकलाच ठेवावा.

ताब्यात घेताना दुकानातच बसून लावून बघा. प्रत्येक तार एकटी, सावकाश छेडायची. शेवटची पितळी खर्जाची तार सोडली की थोड्या वेळाने तिच्यातून गांधार आपोआप ऐकू यायला हवा. नसेल येत तर सुरात पक्का लागलाय का ते आधी बघा, मग जवारी पुन्हा बघायला सांगा. आमच्या कारागिराने न कुरकुरता दोनदा काढून दिली. नव्या तारा पहिला आठवडाभर उतरतात, रोज लावाव्या लागतात. त्या स्थिरावल्या की पंधरा दिवसांनी परत दाखवायला घेऊन या असं त्यांनीच सांगितलं, आणि त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.