क्रॉसओव्हर स्टिरिओमध्ये लावावा की ॲम्प्लिफायरवर, आणि बेस बूस्ट वापरावा का?

दारांमध्ये साडेसहा इंची स्पीकर, डिकीत बंद पेटीतला बारा इंची सबवूफर आणि सीटखाली ॲम्प्लिफायर अशी जोडणी केली, की क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर सबवूफरकडे आणि वरचे दारांच्या स्पीकरकडे वाटून देणारा फिल्टर, बहुधा दोन ठिकाणी हाताशी येतो. एक स्टिरिओच्या मेनूमध्ये असतो, तर दुसरा ॲम्प्लिफायरवर, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायच्या नॉबच्या रूपात. बेस वाढवण्याचेही असेच दोन मार्ग असतात: सबवूफरची एकूण पातळी वाढवणे किंवा बेस बूस्ट फिरवणे. या दोन्ही जोड्यांमध्ये निवड करावी लागते, आणि दुसरी निवड चुकल्यास नुकसान अधिक होते.

स्टिरिओमधील क्रॉसओव्हर बहुतेक वेळा डिजिटल असतो. ६३, ८०, १००, १२५ हर्ट्झ अशा ठरलेल्या पायऱ्यांतून निवड करता येते, डाव्या व उजव्या बाजूस तंतोतंत एकच आकडा लागू होतो, आणि चालकाच्या जागी बसून, ऐकता ऐकता बदल करता येतो. ॲम्प्लिफायरच्या नॉबवर मात्र ५० आणि २५० असे टोकांचे आकडे छापलेले असतात व मधले ८० नेमके कुठे येते, हे नजरेने ठरवावे लागते. अशा नॉबचा एक फायदा मात्र आहे: तो एकदा लावला की कोणी मेनूशी खेळून तो बिघडवू शकत नाही. स्टिरिओ गाडीच्या कंपनीने बसवलेला असेल आणि त्याला सबवूफरचे स्वतंत्र आउटपुट नसेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. ॲम्प्लिफायरवरचाच क्रॉसओव्हर वापरावा लागतो.

दोन्ही उपलब्ध असल्यास स्टिरिओमधला लावावा आणि ॲम्प्लिफायरवरचे बटण ‘ऑफ’ किंवा ‘फुल’वर ठेवावे, बटणच नसेल, तर लो पासचा, म्हणजे ठरलेल्या आकड्यावरचे स्वर अडवणारा, नॉब वरच्या टोकाला न्यावा. दोन्हीकडे ८० लावले, तर १२ डेसिबल प्रति सप्तकाचे (वारंवारता दुप्पट किंवा निम्मी होताना आवाज १२ डेसिबलने घटवणारे) दोन उतार एकापाठोपाठ लागून २४ डेसिबलचा उतार तयार होतो. दोन्ही फिल्टर बटरवर्थ प्रकारचे असतील, तर त्यातून लिंकविट्झ-रायली नावाने ओळखला जाणारा उत्तम क्रॉसओव्हरच मिळतो. पण तो दारांच्या आणि सबवूफरच्या अशा दोन्ही मार्गांवर सारखाच लावलेला असला पाहिजे. प्रत्यक्षात तो नकळत एकाच मार्गावर लागतो आणि ८० हर्ट्झच्या आसपास आवाजात खळगा पडतो.

आकड्याबाबत साडेसहा इंची स्पीकरसाठी ८० हर्ट्झ हा सुरुवातीचा चांगला मुक्काम आहे. कंपनीने दिलेले हलक्या कागदी पडद्याचे स्पीकर असतील, तर १०० बरे. वारंवारता निम्मी झाली, की तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते, म्हणून हाय पासने, म्हणजे ठरलेल्या आकड्याखालचे स्वर अडवणाऱ्या फिल्टरने, दारांच्या स्पीकरवरचा मोठा भार उतरतो. सबवूफरचा लो पास मात्र १२५-१५० पर्यंत नेण्याचा मोह टाळावा. पुरुषाच्या बोलण्यातला मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, त्यामुळे लो पास एवढा वर नेला, की बातम्या वाचणारा निवेदक अर्धा डिकीत बसून बोलतो आहे असे वाटू लागते.

आता बेस बूस्ट. हा नॉब सगळा बेस वाढवत नाही, तर बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये ४५ हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार करतो. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा असल्याने काही गाण्यांत तो एकच स्वर फुगतो आणि बाकीचा बेस होता तिथेच राहतो. शिवाय गाडीच्या बंद, लहानशा पोकळीत ६०-७० हर्ट्झखालचे स्वर आपसूकच उचलले जातात, म्हणजे बूस्ट जे देऊ पाहतो ते गाडीने बरेचसे आधीच दिलेले असते.

खरी अडचण वॅटची आहे. ३ डेसिबल वाढवले की शक्ती दुप्पट लागते, ६ ला चौपट आणि १२ ला सोळापट. ४ ओहमच्या सबवूफरला ३०० वॅट द्यायचे, तर बूस्ट शून्यावर ठेवून, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवून, मल्टिमीटरवर सुमारे ३४.६ व्होल्ट येईपर्यंत गेन (स्टिरिओकडून आलेला सिग्नल ॲम्प्लिफायरने किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) लावतात. हे करताना सबवूफरची तार काढून ठेवावी. त्यानंतर कोणी बूस्ट ६ डेसिबल केला, तर पूर्ण आवाजाला ४५ हर्ट्झच्या जागी १२०० वॅटची मागणी होते. ॲम्प्लिफायर तेवढे देऊ शकत नाही, लहरींचे माथे कापले जातात, आणि अशी कापलेली लहर सतत मिळाली की सबवूफरची कॉइल तापते.

म्हणून बेस कमी वाटल्यास लगेच बूस्टकडे वळण्याऐवजी आधी फेजचे (सबवूफरची लहर सरळ की उलटी ते ठरवणारे) बटण ० आणि १८० असे दोन्हीकडे करून पाहावे आणि जिथे बेस भरीव वाटेल तिथे ठेवावे. मग स्टिरिओमधील सबवूफर लेव्हल वापरावी, पण गेन ती लेव्हल शून्यावर असताना लावला असेल, तर ती शून्याच्या वर नेण्यापेक्षा दारांच्या स्पीकरची पातळी थोडी उतरवणे अधिक सुरक्षित. पेटी फारच लहान असेल आणि ऐकणे बेताच्या आवाजात असेल, तर ३ डेसिबलपर्यंत बूस्ट चालेल. मात्र गेन त्या बूस्टसह पुन्हा लावला पाहिजे.

डॅशबोर्डखाली बसवायचा बेसचा वायरी नॉब घेताना तो काय करतो, हे पुस्तिकेत तपासावे: काही ॲम्प्लिफायरमध्ये तो पातळी बदलतो, तर काहींमध्ये बूस्टच. पहिला प्रकार रोजच्या वापराला सोयीचा आहे, दुसरा टाळलेला बरा. पेटी बंद नसून पोर्टची (हवेसाठी नळीसारखे भोक असलेली) असेल, तर बूस्ट शून्यावर ठेवण्याबरोबरच फार खालचे स्वर अडवणारा सबसॉनिक फिल्टरही लावावा. पेटी ३५ हर्ट्झला जुळवलेली असल्यास तो २८ ते ३० च्या आसपास ठेवावा, कारण त्याखाली पोर्टमधील हवा पडद्याला आवरत नाही आणि तो मोकाट हलू लागतो.