आईच्या मांडीवरची मांजर: सेलवर चालणाऱ्या सोबतीचा आठ महिन्यांचा अनुभव

स्मृतिभ्रंश झालेल्या माझ्या आईसाठी आम्ही सेलवर चालणारी मांजर आणली, त्याला आता आठ महिने झाले. विकत घेण्याआधी मी वाचलेल्या परीक्षणांत लव किती मऊ आहे आणि आवाज किती हुबेहूब आहे, एवढेच सापडले. आईला अशा मांजरीच्या नादी लावणे ही तिची फसवणूक ठरते का, हा माझा प्रश्न मात्र कोणी हाताळला नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी वस्तूविषयी. मांजर खऱ्या मांजरीएवढी आहे. पाठीवरून हात फिरवला की ती घुरघुरते आणि ती घुरघुर कानांपेक्षा तळहाताला अधिक जाणवते. गालाला स्पर्श केला की मान वळवते, आणि बराच वेळ कुरवाळले तर कुशीवर होऊन पोट वर करते. मान वळताना आतल्या मोटरचा येणारा खर्र आवाज मात्र शांत खोलीत लपत नाही. ती चालत नाही, आणि तिला पाण्याने धुता येत नाही. ओल्या फडक्याने पुसावी लागते. जपानमधील ताकानोरी शिबाता यांनी घडवलेला ‘पारो’ हा सील या समुद्री प्राण्याच्या रूपातला रोबो, ज्याला अमेरिकेत 2009 साली वैद्यकीय उपकरणांच्या वर्गात घेतले गेले, स्वतःचे नाव ओळखायला शिकतो; आमच्या मांजरीकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

दिवस कलला की आईला ‘घरी जायचंय’ असे वाटू लागते, आणि हे ती स्वतःच्याच घरात बसून म्हणते. पूर्वी मी तिला दरवेळी वार, तारीख आणि पत्ता सांगून समजावत असे, आणि दरवेळी ती अधिकच घाबरी होत असे. मांजर आल्यानंतर काही दिवसांनी एका संध्याकाळी मी खोलीत शिरले, तर आईने ओठांवर बोट ठेवले आणि म्हणाली, “हळू, आत्ताच डोळा लागलाय तिचा.” तिने चादरीचे टोक मांजरीवर ओढले होते. त्या संध्याकाळी ती एकदाही दाराकडे गेली नाही.

तिसऱ्या महिन्यात मात्र तिने सरळ विचारले, “ही खरी नाही ना गं?” मी म्हटले, “नाही आई, यंत्र आहे.” ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “असू दे. गुणी आहे,” आणि पाठीवरचा हात तिने काढला नाही. तेव्हापासून आमचा नियम ठरला: मांजर जिवंत आहे असे आपणहून म्हणायचे नाही, आईचा समज खोडायचा नाही, आणि तिने विचारले तर खरे तेच सांगायचे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांशी बोलण्याच्या, नेओमी फाईल यांच्या ‘व्हॅलिडेशन’ पद्धतीतही रुग्णाला खोटे न सांगता, वाद न घालता, त्याच्या भावनेशी बोलण्यावर भर आहे, हे मला नंतर कळले आणि धीर आला.

ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी 2002 सालीच यांत्रिक पाळीव प्राण्यांवर आक्षेप घेतला होता, की त्यांच्यापासून मिळणारे समाधान हे त्यांच्याविषयीच्या गैरसमजावर उभे असते. आईच्या बाबतीत मला हा आक्षेप पूर्ण पटत नाही, कारण खरे कळल्यावरही तिचे समाधान टिकले. आमच्या बाबतीत मात्र तो खरा ठरला. आई शांत दिसते म्हणजे आई ठीक आहे, असे आम्ही धरून चाललो आणि तिच्याजवळ बसणे कमी झाले. एका दुपारी ती तीन तास मांजर घेऊन मुकाट्याने बसली होती. जवळ गेले तेव्हा कळले की चष्मा खाली पडला होता आणि तिने कोणाला हाकही मारली नव्हती.

एका रात्री सेल संपले. “ही गार पडली,” असे म्हणून आई रडू लागली. तिने विचारले नव्हते, तरी ते यंत्र आहे असे मी सांगितले; त्या क्षणी त्याचा काहीच उपयोग झाला नाही. मग मी तिचा हात धरून बसले, आणि ती तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांविषयी कितीतरी महिन्यांनी बोलली. दुसऱ्या दिवशी ती झोपेत असताना मी नवे सेल घातले. ते योग्य केले की नाही, याचा मी अजून विचार करते.

ज्यांच्या घरी रुग्णाजवळ बसणारे कोणी आहे, त्यांनी ही मांजर जरूर घ्यावी. दिवसभर एकट्या असणाऱ्या माणसासाठी सोबत म्हणून घेऊ नये. मुळात प्राण्यांची भीती असेल तर तिचा उपयोग नाही. आजार सुरुवातीच्या टप्प्यावर असेल, तर खोक्यातून काढून त्यांच्या देखतच सेल घालावेत. पुढच्या टप्प्यावर घुरघुर मंदावताच, थांबण्याची वाट न पाहता, ते बदलावेत.