मुळांची कॉफी, कॅफीनमुक्त म्हणे!

छातीत धडधडतं म्हणून नागपूरच्या धंतोलीतल्या एका आजोबांची कॉफी डॉक्टरांनी बंद केली. मुलाने प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरून ‘शंभर टक्के कॅफीनमुक्त, मुळांची हर्बल कॉफी’ आणली. अडीचशे ग्रॅमचा पुडा, 690 रुपये. ‘भाऊ, बाबांना एकदा पाजून तर पाहा, फरक कळणारच नाही,’ असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. ते खरं निघालं. फरक कळला नाही, कारण पुड्यात कॉफी होती.

अशी ‘मुळांची कॉफी’ बहुधा चिकोरी या झाडाच्या मुळांची असते. हे मूळ भाजलं की त्यातलं इन्युलिन (स्टार्चऐवजी मुळात साठणारं कर्बोदक) आणि साखर करपून रंग येतो, कडवटपणा येतो, गूळ जळल्यासारखा वास येतो. कॉफीचा वास मात्र येत नाही, कितीही भाजा. गिऱ्हाईक नेमकं तिथेच नाक मुरडतं. मग विक्रेता शंभर ग्रॅममागे दहा-पंधरा ग्रॅम रोबस्टा या स्वस्त जातीची कॉफी ढकलतो आणि लेबलावर ‘नैसर्गिक स्वाद’ एवढंच लिहितो. गंमत म्हणजे हा उलटा प्रवास आहे. 1850 च्या सुमारास लंडनमध्ये आर्थर हिल हॅसल या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली कॉफीतली चिकोरीची भेसळ उघडी पाडली होती. आता चिकोरीत कॉफी शोधायची वेळ आली आहे.

पंधरा टक्के कॉफीने एवढं काय होतं? रोबस्टात साधारण दोन टक्के कॅफीन असतं. म्हणजे या पुडीत 0.3 टक्के. पाच ग्रॅमच्या चमच्यात 15 मिलिग्रॅम, जे फारसं नाही. पण ‘अपायकारक नाहीच’ या भरवशावर माणूस चमचा शिगोशीग भरतो. आजोबा आठ-आठ ग्रॅम टाकून दिवसाला चार कप घेत होते, शेवटचा रात्री नऊला. बेरीज 96 मिलिग्रॅम, म्हणजे कडक कॉफीचा भरलेला कप. चौथ्या दिवसापासून झोप उडाली, धडधड परत सुरू झाली आणि घरचे औषधाला दोष देत राहिले. खरी हानी ही, 690 रुपये त्यापुढे किरकोळ.

घरी तपासायचं ते असं. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या, ते स्थिर होऊ द्या आणि वरून चिमूटभर पूड भुरभुरवा. ढवळू नका. भाजलेली चिकोरी काही सेकंदांत खाली जाऊ लागते आणि जाताना तपकिरी रेघा सोडते. कॉफीचे कण तेलकट, ते वर तरंगत राहतात. कॉफीतली चिकोरी ओळखायची हीच सर्वमान्य चाचणी, इथे फक्त उलटी वाचायची: तरंगतं ते संशयास्पद. पूड पाण्यात पूर्ण विरघळणारी, म्हणजे इन्स्टंट असेल तर ही चाचणी बाद, कारण दोन्ही विरघळतात. तळाला किरकिरीत गाळ बसला तर माती.

दुसरी चाचणी आयोडीनची, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. एक चमचा पूड कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, पूर्ण गार करा. या काढ्यातला एक चमचा ग्लासभर पाण्यात मिसळा, फिक्क्या चहाइतका रंग व्हायला हवा. मग मेडिकलमधून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब. निळा-जांभळा रंग आला तर स्टार्च आहे, म्हणजे भाजलेला गहू, जव किंवा तत्सम धान्य. चिकोरीत साठा इन्युलिनचा असतो, स्टार्चचा नाही, म्हणून ती निळी पडत नाही. गरम काढ्यात थेंब टाकले तर रंग येतच नाही आणि दाट काढ्यात आलेला दिसत नाही. आणखी एक मेख: अश्वगंधेच्या मुळात स्टार्च भरपूर असतो. घटकांमध्ये अश्वगंधा लिहिलेली असेल तर निळ्या रंगावरून कोणालाही चोर ठरवू नका.

चिंचोके भाजून मिसळले असतील तर काढा गार झाल्यावर बुळबुळीत, खळीसारखा होतो. साड्यांना चिंचोक्याची खळ दिलेल्या हाताला हे सांगावं लागणार नाही.

सगळ्यांत बोलकी चाचणी वजनाची. भाजलेल्या चिकोरीचा निदान 55 टक्के भाग पाण्यात उतरला पाहिजे, तसा आपल्या अन्न मानकांचा निकष आहे. चांगली चिकोरी सत्तरपर्यंत उतरते. कॉफी जेमतेम तीस. तेव्हा दहा ग्रॅम पूड दोनशे मिली पाण्यात दहा मिनिटं उकळा, आधी वजन केलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. चोथा पुन्हा तेवढ्याच पाण्यात उकळून गाळा, मग फडक्यासकट कडक उन्हात वाळवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. नागपूरच्या मे महिन्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात हा उद्योग करू नका. चोथा साडेचार ग्रॅमच्या आत हवा. धंतोलीच्या पुड्याचा 4.9 ग्रॅम भरला. शून्य दशांश एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा लागतो, स्वयंपाकघरातला पाच ग्रॅमच्या उड्या मारणारा चालत नाही.

पावसाळ्याचा एक फायदा आहे. चिकोरी हवेतली ओल झपाट्याने ओढते. जुलैत डबा उघडा राहिला की अस्सल पुडीचा दगड होतो. आठ दिवस उघडी राहूनही पूड रेतीसारखी सुटी राहिली तर तिच्यात दुसरंच काही जास्त आहे असं समजा.

डँडेलियन या दुसऱ्या झाडाच्या मुळांचीही अशीच कॉफी करतात, तिच्या नावावर चिकोरी विकणं ही वेगळी लबाडी. दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्हींत इन्युलिन, भाजून दळल्यावर स्वयंपाकघरात फरक कळणं अशक्य. आमच्या मते डँडेलियनची दळलेली पूड चढ्या भावाने घेऊच नये. घ्यायचंच तर न भाजलेलं अख्खं वाळकं मूळ घ्या, आडवं कापा, भिंगाखाली पाहा: डँडेलियनमध्ये चिकाच्या नळ्या एकात एक वर्तुळांत असतात, चिकोरीत मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेषांत. इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात ‘कासनी’, म्हणजे चिकोरीच, मागितली तर बहुधा बी पुढे येतं, म्हणून ‘चिकोरीचं मूळ’ असं स्पष्ट सांगावं. ज्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे त्यांनी दोन्हींपासून जपून, तेही त्याच कुळातलं.

लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. ‘डँडेलियन’ मोठ्या अक्षरात पुढे आणि मागे यादीत तिसरा, तर काय ते समजा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक 14 अंकी असतो: पहिला अंक परवान्याला 1, नोंदणीला 2, महाराष्ट्राचा असेल तर पुढे 15. धंतोलीच्या पुड्यावर 13 अंक होते! चौदा असले तरी प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकून नाव जुळतं का पाहा, दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही आहेत. ‘हर्बल’ म्हणजे कॅफीनमुक्त नव्हे. गुआराना, हिरव्या चहाचा अर्क, हिरव्या कॉफीचा अर्क ही सगळी कॅफीनचीच रूपं. ज्येष्ठमध घातलेलं पेय रक्तदाबवाल्यांनी रोज घेऊ नये. ‘साखर बरी होते’ असं छापलं असेल तर 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ते गुन्ह्यात बसतं.

तक्रारीत मुलाचं घोडं अडलं ते बिलापाशी. स्टॉल उठला की पत्ता गेला, पुड्यावरचा मोबाइल बंद. यूपीआयची नोंद होती म्हणून निदान पैसे कोणत्या खात्यात गेले ते दाखवता आलं. अर्धा पुडा तसाच हवाबंद ठेवला होता, त्यातून खासगी प्रयोगशाळेत कॅफीन तपासून घेतलं: 0.31 टक्के. सरकारी विश्लेषकाकडून तपासणी हवी असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहकालाही शुल्क भरून ती मागता येते, पण त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. प्रदर्शनात हे वाक्य नुसतं उच्चारून पाहा, विक्रेत्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत पुड्याचे चारही बाजूंचे फोटो. ग्राहक आयोगात तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विक्रेता कुठलाही असो, नागपुरातच. मुदत दोन वर्षं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. उरलेली पूड फेकू नका. स्टीलच्या डब्यात, वर तारीख लिहून, घरच्या कॉफीपासून लांब ठेवा. नाहीतर कोणीतरी ती करून पितं आणि पुरावा संपतो.