जुनी चाकं ‘भंगार’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्यापासून सावध

जुनी बुलेट, जावा, येझदी कस्टम करायला देताना सगळी घासाघीस नव्या चाकांच्या भावावर होते. आमच्या बाबतीत मोठा हात मारला गेला तो जुन्या चाकांवर, म्हणून हे लिहितोय.

गाडी वडिलांची, १९७४ची बुलेट ३५०. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, दोन्ही चाकं १९ इंची. धाकट्या भावाला तिची स्क्रॅम्बलर, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पळणाऱ्या धाटणीची गाडी, करायची होती: पुढे डिस्क, मागे १८ इंची रुंद टायर. पुण्यातल्या एका कस्टम गॅरेजवाल्यानं ॲल्युमिनियमच्या रिम, स्टेनलेसचे स्पोक आणि डिस्कचा हब (स्पोक जिथून निघतात तो चाकाचा मधला भाग) मिळून ४२ हजार सांगितले. वर म्हणाला, “दादा, जुनी चाकं कशाला ठेवताय? भंगारच ते. मी दोन हजार कमी करतो.” आम्ही नको म्हटलं, चाकं परत हवीत असं बजावलं. बिलावर लिहायला सांगितलं तर, “लिहायचं काय त्यात, आपलीच गाडी आहे की!” गॅरेजमध्ये कुणी ‘आपलीच गाडी’ म्हणालं की खिसा चाचपावा.

गाडी आली ती दिसायला झकास, जुनी चाकं पोत्यात बांधलेली. पण साताऱ्याकडे जाताना साठच्या पुढे हँडल थरथरायला लागलं आणि चेनमधून कुणी सुपारी कातरतंय असा आवाज. वडिलांची गाडी ज्यांनी आयुष्यभर सांभाळली त्या साताऱ्याच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती मधल्या स्टँडवर चढवली, स्विंग आर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) हात टेकवून खडू रिमच्या कडेजवळ धरला आणि चाक फिरवलं. खडू एकाच टप्प्यात घासत होता. चाक आउट, म्हणजे वाकडं फिरत होतं. मग फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक आणून रिमला लावला, तो खटकन चिकटला. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. रिम लोखंडाची होती, वरून चंदेरी पावडर कोटिंग. (स्पोकसाठी मात्र ही परीक्षा पक्की नाही. स्टेनलेसची तार ओढताना तिच्यात थोडं चुंबकत्व येतं, त्यामुळे चांगला स्पोकही किंचित ओढला जातो. आमच्या स्पोकना पहिल्याच पावसात, रिमला स्पोक कसणाऱ्या निपलपाशी गंज धरला, तो भाग वेगळा.)

मागचं चाक उतरवल्यावर तर बोलतीच बंद झाली. स्पेसर (चाक नेमक्या जागी बसावं म्हणून ॲक्सलवर घालायची नळी) म्हणून नळाच्या जीआय पाइपचा करवतीनं कापलेला तुकडा घातला होता, एका टोकाला तिरपा. दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चक्रं) एका रेषेत नव्हते, चेन तिरकी पळत होती, मागच्या स्प्रॉकेटचे दात एकाच अंगानं घासून चकाकत होते. दुसऱ्या गाडीचा हब बसवायचा तर स्पेसर माप घेऊन लेथवर काढावा लागतो. चाक बदलण्यातलं खरं काम तेच, आणि पैसे आम्ही त्याचेच मोजले होते.

मिस्त्रींनी विचारलं, “जुनी चाकं कुठायत?” पोतं सोडलं. त्यांनी पुढची ब्रेक प्लेट, म्हणजे हबवरचं ब्रेकचं झाकण, उलटीसुलटी केली. “ह्यो आपला हब न्हाई. आपल्या प्लेटवर लिव्हरपाशी मी तीन पंच मारल्यात.” यावर पंचाची एकही खूण नव्हती. ड्रम आतून इतका झिजलेला की कडेला नख अडकत होतं, रिम गंजून भोकं पडलेली. आमची धडधाकट चाकं बाहेर गेली आणि कुणाची तरी मेलेली चाकं आमच्या पोत्यात आली.

जुन्या मूळ चाकांना गिऱ्हाईक आहे म्हणून हे चालतं. २०२१पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळते. आमची गाडी २०२४ मध्येच त्या वयात आली. मूळ हब शोधत फिरणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, आणि गॅरेजवाल्यांनाही. डिस्क लावताना “आरटीओ काही विचारत नाही” असंही ऐकवलं गेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशील बदलण्याच्या आड येतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलंय. अपघातात विमा कंपनी विचारेल तेव्हा गॅरेजवाला शेजारी उभा नसतो.

विचारायला गेलो तर, “तुमचीच चाकं आहेत, पुरावा दाखवा.” सुदैवानं “जुनी चाकं काढून ठेवली आहेत, येताना घेऊन जा” हा त्याचाच मेसेज होता, सोबत फोटो. त्यात ब्रेक प्लेट स्पष्ट दिसत होती. ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवली, वकिलाची नोटीस पाठवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जायला हवं. कामासाठी सोपवलेली वस्तू परस्पर विकणं हा फौजदारी विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. पोलीस ठाण्यातल्या अर्जात ते लिहिलंय.

गाडी देण्याआधी हब आणि प्लेटवर स्वतःचा पंच मारून फोटो काढा. ‘जुने भाग परत’ हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. नवी रिम टायर चढण्याआधी हातात घ्या: १.८५×१९ (इंचात रुंदी आणि व्यास) किंवा डब्ल्यूएम२ (त्याच रुंदीची खूण) असं माप कोरलेलं दिसलं पाहिजे, आणि चुंबक खिशात असू द्या.

नोटिशीनंतर रिमचे पैसे आले. हबचं अजून काही नाही. लिव्हरपाशी त्रिकोणात तीन पंच असलेली ब्रेक प्लेट कुणी विकायला आणली, तर आधी त्याच्याकडे बिल मागा आणि मग मला कळवा.