फिल्डवर की बेळगावच्या ऑफिसात?

निसर्ग संवर्धनाच्या संस्थेत लागताना मला विचारलं होतं, खानापूरकडं फिल्डवर जाणार की बेळगावात ऑफिस सांभाळणार? दोन्ही करून झालंय.

फिल्ड म्हणजे भीमगड. 2011 साली अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांमुळं त्याचं नाव दूरवर गेलंय. माझे दिवस मात्र जांबोटी-कणकुंबीच्या वाड्यांवरच गेले. गव्यांनी भात तुडवला की शेतकरी आधी आम्हालाच शिव्या घालतो (जणू गवे आम्हीच पाळलेत), मग चहा ठेवतो. भरपाईचा अर्ज कन्नडमध्ये. तो मराठीत समजावायचा, शेताचे फोटो काढायचे, उतारा जोडायचा. पावसात मोज्यांना तंबाखू चोळली तरी जळवा चढतातच. रात्री मोजा काढला की रक्ताचा डाग दिसतो, तेव्हा कळतं.

ऑफिसात पंखा, वेळेवर जेवण आणि देणगीदारांचे अहवाल. ‘किती प्राणी वाचवले?’ हा रकाना कसा भरायचा, मला कधी जमलं नाही.

पगार दोन्हीकडं तुटपुंजाच, प्रकल्प संपला की तोही थांबतो. आई म्हणते, ऑफिसच धर. मी पुढच्या आठवड्यात परत कणकुंबीला निघालोय.