हार्डवेअरला बांधलेलं लायसन्स: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

थ्रीडी आराखडे काढायचं एक सॉफ्टवेअर गेले काही महिने मी रोज वापरतोय. रीतसर विकत घेतलेलं. काम म्हणाल तर उत्तम करतं: मोठ्या फाइल पटकन उघडतात, क्रॅश क्वचितच. त्याबद्दल एवढंच पुरे, कारण डोकं उठवलं ते त्याच्या लायसन्सने. कंपनीचं नाव घेत नाही. बऱ्याच कंपन्यांची पद्धत हीच आहे.

लायसन्स 'नोड-लॉक्ड', म्हणजे एकाच मशीनला बांधलेलं. मशीन ओळखायला अशी सॉफ्टवेअरं मदरबोर्डचा आयडी, डिस्कचा व्हॉल्यूम सीरियल, नेटवर्क कार्डचा मॅक अ‍ॅड्रेस (म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाला दिलेला ओळख-पत्ता) यांपैकी काही ना काही तपासतात. विंडोजमध्ये हा प्रकार २००१ च्या एक्सपीपासून आहे, पण तिथे एखाददुसरा भाग बदलला तर चालवून घेतात. मदरबोर्डच बदलला तर अडतं, त्यावर २०१६ पासून विंडोज १० मध्ये लायसन्स खात्याला जोडून ठेवायची सोय आली. आमच्या सॉफ्टवेअरचा सगळा भरवसा एका मॅक अ‍ॅड्रेसवर.

एके दिवशी लॅपटॉप डॉकवरून (मॉनिटर, लॅन वगैरे केबल जोडायचा ठोकळा) काढून दुसऱ्या खोलीत नेला आणि मेसेज आला: 'हे लायसन्स या संगणकासाठी वैध नाही.' सपोर्टने पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितलं. केलं, ढिम्म फरक नाही. मग लायसन्सची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. ती साधी टेक्स्ट फाइल असते, आणि होस्ट आयडीपुढे (लायसन्स ज्याला बांधलंय त्याची ओळख) बारा अंक-अक्षरांचा पत्ता असतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग ऑल' चालवून ताडून पाहिलं. वाय-फाय, ब्लूटूथ, व्हीपीएनचं आभासी कार्ड, कुणाशीच जुळेना. डॉक लावला आणि तो पत्ता यादीत हजर! लायसन्स लॅपटॉपला नव्हे, डॉकमधल्या लॅन पोर्टला दिलेलं होतं. इन्स्टॉलरने सापडलं ते पहिलं कार्ड उचललं होतं.

हे स्क्रीनशॉटसकट कळवल्यावर लायसन्स लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डवर फिरवून मिळालं. तुम्हीही वाय-फायवर घेणार असाल तर विंडोजमधली 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' ही सोय बंद ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की पुन्हा तेच. बोर्डावरचा सेल संपून घड्याळ मागे गेलं तरीही अशी लायसन्सं अडून बसतात. तारीख मागे नेऊन मुदत वाढवणाऱ्यांसाठी ती तपासणी असते.

दुसरा ताप इंटरनेटवाल्यांकडून आला. सॉफ्टवेअर अधूनमधून ऑनलाइन पडताळणी करतं, आणि मध्येच तिचा सर्व्हरच सापडेना. सपोर्ट म्हणे फायरवॉल बंद करा, इंटरनेटवाले म्हणे राउटर रीस्टार्ट करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र एका फटक्यात पडताळणी झाली. घरच्या लाइनवर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) बदलून पाहिला, उपयोग नाही. म्हणजे अडवणूक नुसत्या नावाची नव्हती, आयपी पत्त्याचीच असावी. एका आयपीमागे शेकडो साइट असू शकतात. त्यातली एक पायरसीची निघाली आणि इंटरनेटवाल्यांनी आयपीच बंद केला, तर बाकीच्यांचंही दार बंद. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद असल्यामुळे, 'ही साइट बंद केली आहे' अशी पाटीसुद्धा धड दिसत नाही, कनेक्शन नुसतं तुटतं. इटलीत ऑक्टोबर २०२४ मध्ये पायरसीविरोधी यंत्रणेने चुकून गूगल ड्राइव्हचाच एक पत्ता अडवला होता, तिथे माझ्या सर्व्हरची काय कथा. काही आठवड्यांनी लाइन आपोआप सुरळीत झाली. कुणी काही कळवलं नाही.

आणि ज्यांच्यासाठी हा बंदोबस्त, त्या पायरसीच्या साइट? नवं डोमेन घेऊन पुन्हा उभ्या. म्हणून तर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नव्या मिरर साइटही (त्याच साइटच्या दुसऱ्या पत्त्यावरच्या प्रती) बंदीच्या त्याच आदेशाखाली आणता येतील अशी 'डायनॅमिक' मनाई दिली. मूळ साइट बंद झाली की तिच्या नावाच्या नकली साइट फोफावतात, आणि त्यावरची डाउनलोड काय दर्जाची असतील हे वेगळं सांगायला नको.

ओळखीतला एक जण म्हणाला, 'क्रॅक टाकलं असतंस तर ही कटकटच नव्हती.' पडताळणीपुरतं बोलायचं तर खरंय. पण तो क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी उडवणारा चोरटा प्रोग्राम, आधी अँटीव्हायरस बंद करा म्हणतो आणि अ‍ॅडमिनची परवानगी मागतो. गिऱ्हाइकांच्या फाइल असलेल्या मशीनवर मी ते करणार नाही. राग येतो तो याचा की चोरी करणाऱ्याला ही तपासणी लागतच नाही, पैसे मोजणाऱ्यालाच लागते.

घेणाऱ्यांनी आधी लेखी विचारावं: लायसन्स दुसऱ्या मशीनवर स्वतः किती वेळा हलवता येतं, नेटशिवाय किती दिवस चालतं, आणि दुसऱ्या संगणकावरून फाइल आणून पडताळणी होते का. माझ्यालेखी सॉफ्टवेअरला पाचपैकी साडेचार, लायसन्सला दोन. नूतनीकरण करणार आहे, पण या वेळी यूएसबी डाँगल, म्हणजे पोर्टात खोचायची लायसन्सची किल्ली, मागणार. हरवला तर बोंब, हे ठाऊक आहे. निदान लायसन्स कशाला बांधलंय ते डोळ्यांना दिसेल तरी.