मटण स्ट्रीटवर टोकनं, बिल्ले आणि पदकं: काय घ्यावं, काय सोडावं

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर नाण्यांसाठी येणारे बहुतेक जण काचेमागच्या चांदीच्या रुपयांपाशीच अडकतात. खरा माल असतो पायरीवरच्या डब्यांत: कॅन्टीनची पितळी टोकनं, हमालांचे नि पट्टेवाल्यांचे बिल्ले, लष्करी पदकं. त्यासाठी ही गल्ली आजही उत्तम.

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तेव्हा जायचं तर टॉर्च हवाच. एरवी दहापट भिंग, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर आणि लोहचुंबक एवढं खिशात पुरे.

टोकन उलटंसुलटं करून आधी नंबर बघा. हाताने ठोकलेला आकडा थोडा वाकडा, कमीजास्त खोल असतो आणि त्याच्या कडेला पितळ किंचित उचललेलं दिसतं. ओतीव नकलेत आकडा गुळगुळीत, कडा साबणासारख्या बोथट, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि बाजूने साच्याची रेघ. भोकही बोलतं. वर्षानुवर्षं खिळ्यावर लटकलेल्या टोकनाचं भोक वरच्या बाजूला झिजून लांबट होतं. नव्याने पाडलेल्या भोकाची धार बोटाला लागते.

पदकांत कड सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास ३६ मिमी. सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर असते, भावही त्यावरच ठरतो. जुनं नाव तासून दुसरं घातलं की व्यास घटतो, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजा. ३६ च्या खाली भरलं तर पदक खाली ठेवा. रिबीन अडकवायच्या वरच्या दांडीच्या जोडाला डाग (सोल्डर) दिलेला असेल तर भाव उतरवून मागा. मात्र पदक तपकिरी दिसलं म्हणून ते नकली ठरवू नका: भारतीय कामगार तुकड्यांना हेच पदक ब्राँझचं दिलं गेलं होतं.

‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेली, हनुमान किंवा रामदरबार असलेली आण्याची नाणी अजिबात घेऊ नका. कंपनीच्या १८३५ च्या तांब्याच्या अर्ध्या आण्यावर कंपनीचं राजचिन्ह आहे, देवदेवता नाहीत. असं नाणं चमत्काराने तांदळाचे दाणे स्वतःकडे खेचतं म्हणून लाखांचा आकडा कोणी सांगितला तर ती सरळ फसवणूक आहे. तांबं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे.

घासाघीस करताना एकेकट्या टोकनाऐवजी मूठभर उचला, भाव लवकर उतरतो. चकचकीत घासलेला माल टाळा. चिंच किंवा पॉलिश लावलं की वरचा जुना रंग जातो आणि पुन्हा येत नाही. घरी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर चढतो; मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) पाकिटं घ्या आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका. शंभर वर्षांहून जुनं नाणं किंवा पदक १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, त्यामुळे परदेशातल्या मित्राला पाठवायचा विचार असेल तर ते आधीच सोडून द्या.